पाळणा एक, रिकामा

"शुभदे, रिकामं काही धाडू नये. शेजारचा डबा परत देताना चिमूटभर साखर तरी घालावी. आणि पाळणा? पाळणा तर मुळीच रिकामा धाडू नये हो!"

सासूबाई हे मला पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. पण माणूस गेलं तरी त्याची सूचना जात नाही. ती कानात बिऱ्हाड करते आणि जागा सोडत नाही!

मी वाशीच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत कागदपत्रं बघते. तुमचा माल जहाजाने परदेशी जायचा असेल तर माल हमाल उचलतात, कागद मी उचलते. बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालाची जन्मपत्रिका, ती मी मांडते. आणि एकोणीस वर्षांत माझ्या एकाही पत्रिकेत करेक्शन निघालं नव्हतं. एकही नाही! आमचे चंद्रशेखर साहेब नव्या मुलांना सांगायचे, "शुभदाताईंनी यादीत टाचणी लिहिली असेल तर पेटीतून टाचणीच निघणार. सुई निघाली तर सुईचं चुकलं!"

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते. होती ती. आता नाही.

माझे रोजचे नेम साधेच. सकाळी तुळशीला पाणी, जपाची एक माळ, एक वेळ जेवण. चातुर्मासात त्यात एक भर पडते: खोटं बोलायचं नाही. आमच्या धंद्यात हा नेम म्हणजे मासळी बाजारात बसून श्वास न घेण्याचा नेम! दिवसातून चाळीस वेळा कोणीतरी विचारतं, "ट्रेलर निघाला का?" आणि ट्रेलर कळंबोलीला चाकं काढून बसलेला असताना म्हणायचं असतं, "निघाला सर, हा काय, आत्ताच निघाला!" ते फोन चातुर्मासात मी पायलकडे देते. पायल माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, सव्वीस वर्षांची आहे आणि अतिशय सुरेख खोटं बोलते.

"ताई, चार महिने तुमचं पाप माझ्या डोक्यावर," ती म्हणते. "प्रसादाचा मोठा वाटा मला पाहिजे हां!"

माझा आवाज हे आणखी एक प्रकरण. तो मुळातच बारीक. आरतीत शेजारणीला वाटतं, मी नुसते ओठ हलवतेय. पुढे याचा फार त्रास झाला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर श्रावण संपता संपता दिनानाथकाका ऑफिसात आले. काका सानपाड्याला राहतात, एकटेच. तिथल्या दत्ताच्या देवळात गुरुवारी आमची भेट होते. हातात एक फोटो होता, त्यात सागवानी पाळणा. पितळी कड्या, कड्यांवर पोपट कोरलेले.

"शुभदाताई, हा मेलबर्नला पाठवायचाय. गीतांजलीला मुलगी झाली."

"अय्या! अभिनंदन काका!"

"गीतांजली याच पाळण्यात वाढली. तिची आई, मीना, जाताना म्हणाली होती, नातवंडाचं नाव याच पाळण्यात ठेवा. बारावा दिवस तर गेला. पण पोरगी म्हणते, पाळणा आल्याशिवाय बारसं नाही. ललितापंचमीचा मुहूर्त धरलाय. पोचेल ना तोवर?"

मी बोटांवर दिवस मोजले. न्हावाशेव्याहून मेलबर्न अठ्ठावीस दिवस, वर आठवडा हाताशी. "पोचेल काका," मी म्हणाले. नेमात राहून म्हणाले, कारण खरोखरच पोचणार होता!

काकांना प्रवास झेपत नाही, गुडघे आणि हृदय दोन्ही संपावर. बारसं ते फोनवर बघणार होते. म्हणून त्यांना प्रत्येक कागद समजून घ्यायचा होता.

"हे शिपर म्हणजे?"

"पाठवणारे. तुम्ही."

"कन्सायनी?"

"घेणारी. गीतांजली."

"आणि हा तिसरा रकाना? नोटिफाय पार्टी?"

"काका, माल पोचला, अडला, काहीही झालं की ज्याला कळवायचं, तो. मालावर त्याचा हक्क असतोच असं नाही. त्याला फक्त कळवायचं."

काकांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तिथे माझंच नाव घाला. माझा आता हक्क कशावर नाही. पण मला कळवा. चांगलं असो, वाईट असो."

"मी स्वतः कळवीन काका. शब्द देते."

काकांना ईमेल नव्हता. म्हणून त्यांच्या नावाखाली मी माझाच ईमेल घातला. आणि बिल ऑफ लेडिंगमध्ये, पॅकिंग लिस्टमध्ये टाइप केलं: 'वुडन क्रेडल, वन. ओल्ड, युज्ड, एम्प्टी.' पाळणा एक, रिकामा. शिवाय तिकडच्या नियमाप्रमाणे लिहून दिलं की पेटीत बी-बियाणं, गवत, फळ, माती काहीही नाही. खाली माझी सही. लफ्फेदार!

एका पाळण्यासाठी अख्खा कंटेनर कोण घेणार? तो आम्ही कन्सोलमध्ये घातला. कन्सोल म्हणजे मालाची शेअर रिक्षा. बारा जणांचा माल एका कंटेनरात, सगळ्यांचं नशीब एकत्र. त्यात कोणाच्या योगासनाच्या चटया होत्या, कोणाची पुस्तकं, आणि तुर्भ्याच्या पोपटशेठचे सात हजार स्टीलचे डबे.

माल भरायच्या दिवशी मी मुद्दाम उरण रस्त्याच्या वखारीत गेले. एरवी मी जात नाही. पाळण्याच्या पेटीला कीड मारायचा धूर देऊन शिक्का मारून झाला होता, वरची शेवटची पट्टी तेवढी ठोकायची बाकी होती. त्या फटीतून मला पाळणा दिसला. काकांनी घासूनपुसून कड्या अशा लखलखीत केल्या होत्या की पोपट आत्ता बोलतील! आणि आत काही नाही. रिकामा.

कानातलं बिऱ्हाड जागं झालं. "मुळीच रिकामा धाडू नये हो!"

पण मी तयारीनेच गेले होते. बारशाला आपण बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतो ना? आधी वरवंटाच घेणार होते. पण मनात आलं, वरवंटा दोन-अडीच किलोचा. कागदावर वजन लिहून झालंय. फरक पडला तर माझ्या एकोणीस वर्षांचं काय? बघा, इतकी मी काटेकोर! म्हणून हलकासा नारळ घेतला, सोललेला, शेंडीचा. त्याला कुंकू लावलं, काजळाने दोन डोळे काढले, माझ्या मुलाची जुनी कुंची घातली, दुपट्यात गुंडाळला. सोबत मूठभर अक्षता, हळकुंड, सुपारी आणि दूर्वांची जुडी.

वखारीचा सुपरवायझर प्रितम तोंडात खिळे आणि हातात हातोडी धरून उभा होता.

"ताई, हे काय?"

"शकुन."

"लिस्टमध्ये हाय?"

"शकुन लिस्टमध्ये नसतो रे."

प्रितमने खिळे काढले, हात जोडले आणि मग पट्टी ठोकली. कंटेनरला सील लागलं. मी समाधानाने घरी आले आणि साबुदाणा भिजत घातला.

वरवंटा ठेवला असता तर काही म्हणता काही झालं नसतं. दगडाला तिकडे बंदी नाही!

बोट वेळेवर पोचली. मी काकांना फोन केला, "काका, बोट पोचली!" काका इतके खूश झाले की फोन ठेवायचाच विसरले. पलीकडून त्यांचं गुणगुणणं किती तरी वेळ ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी नोटिफाय पार्टीच्या नावाने, म्हणजे माझ्या ईमेलवर, एक ओळ आली: कंटेनर होल्ड.

होल्ड म्हणजे अडवला. अडवणं नवं नाही. पण एक तासाने साहेबांच्या केबिनमधून आरोळी आली.

"कोणाचं डोकं पाठवलंय आपण?"

सगळे केबिनमध्ये धावलो. पडद्यावर क्ष-किरणांचं चित्र होतं. लाकडी पेटी, पेटीत पाळणा, पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल. खाली तिकडच्या एजंटचा प्रश्न: 'कृपया कळवा, हे अवशेष माणसाचे की प्राण्याचे?'

"साहेब, ते..." मी म्हणाले.

"एक मिनिट ताई! पायल, वखारीला फोन लाव! त्या प्रितमला विचार, शिफ्टला किती माणसं होती आणि आता किती आहेत!"

दुपारपर्यंत तिकडच्या लोकांनी पेटी उघडली. फोटो आला. नारळाचं काजळ थोडं पसरलं होतं, त्यामुळे तो रडून रडून झोपल्यासारखा दिसत होता. शेंडी कुंचीतून वर आलेली. आणि सबंध पाळणाभर दाणे, ज्यांना ते बिचारे 'सुमारे चारशे अज्ञात बिया, पिवळ्या रंगाच्या' म्हणत होते. अक्षता हो! हळदीच्या!

"हे कोणी ठेवलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"जोशात येऊन काहीतरी करतात आणि निस्तरायला आम्ही! कोणी ठेवलं?"

"साहेब, मी ठेवलं."

"शुभदाताई, तुम्ही मधे पडू नका. तुमच्यावर कोणाचा संशय नाही!"

एसी घरघरत होता, साहेब गरजत होते, आणि माझा आवाज त्या दोघांच्या मधल्या फटीत पडून गेला. तिसऱ्यांदा मी अगदी हात वर करून म्हणाले, "मीच." साहेब म्हणाले, "हो, तुम्ही जा पाणी पिऊन या. चेहरा उतरलाय तुमचा!"

मी गेले आणि पाणी प्यायले. याची मला आजही लाज वाटते.

तोवर पोपटशेठ ऑफिसात शिरले होते. पोपटशेठ दाराबाहेरूनच बोलायला सुरुवात करतात, म्हणजे आत येईपर्यंत अर्धं भांडण उरकलेलं असतं.

"सात हजार डबे! दिवाळीच्या फराळाचे! तिकडं बायका चकल्या करून बसल्यात, आणि माझे डबे तुमच्या नारळाबरोबर उपासाला बसलेत! कुठाय तो नारळवाला?"

"शेठ, बसा ना," पायल म्हणाली. "आत्ताच रिलीज होतोय, हा काय, झालाच!"

सुरेख खोटं. पण त्या दिवशी तेही चाललं नाही.

सगळ्यांत वाईट बातमी दुसऱ्या दिवशी आली. कंटेनरात महिनाभर उबेत बसून नारळाला कोंब फुटला होता! हिरवा, बोटभर. 'अघोषित बी' होतं, ते आता 'अघोषित जिवंत झाड' झालं. साहेबांनी डोकं धरलं. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगते, आपोआप निघालं, "अय्या, शुभ असतं हो ते!"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. बारीक आवाज कधी फितूर होईल सांगता येत नाही!

साहेब माझ्याकडे वळले. पण त्यांच्या डोक्यात अजून शिरलं नव्हतं. ते म्हणाले, "शुभ? त्या प्रितमला आजपासून वखारीत पाऊल ठेवू देणार नाही, हे शुभ! पत्र टाइप करा ताई, तुमच्याच हाताने."

मी टेबलाशी आले. समोर कोरा कागद. वखारीत प्रितमने हात जोडले होते तेवढेच डोळ्यांसमोर येत होते. मी पत्र टाइप केलं. पण प्रितमचं नाही. वर लिहिलं 'करेक्शन', आणि खाली: 'बिल ऑफ लेडिंगमध्ये जिथे पाळणा एक, रिकामा असं म्हटलं आहे, तिथे पाळणा एक, आत नारळ एक, अक्षता, हळकुंड, सुपारी, दूर्वा असं वाचावं. ठेवणारी: शुभदा.' मोठ्या अक्षरांत. साहेबांपासून पोपटशेठपर्यंत सगळ्यांना पाठवलं.

ऑफिसात अशी शांतता झाली की एसीही दचकून बंद पडला. खरं तर वीज गेली होती, पण वेळ बरोबर साधली.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताई... तुम्ही?"

"तीनदा सांगितलं साहेब."

"हळू सांगितलंत."

"हो. हळू सांगितलं."

मग करेक्शन तिकडे पाठवायचं काम सुरू झालं. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो, एचएस कोड. तो घातल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. पायल तासभर यादी चाळत होती.

"ताई, ताजा नारळ म्हणू? मग कुंचीचं काय? तयार कपडे म्हणू? मग काजळाचं काय? बाहुली म्हटलं तर कोंब येतो मधे! डोळे मिटलेल्या, टोपडं घातलेल्या, उगवत्या नारळाचा नंबरच नाहीये जगात!"

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नसावं, ती नुसती बोलत होती. मला बरं वाटावं म्हणून.

पोपटशेठचे डबे आणि बाकीच्यांचा माल पाच दिवसांत सुटला. चकल्यांना घर मिळालं. शेठनी मला फोन केला. मी शिव्या ऐकायची तयारी करून डोळे मिटले. ते म्हणाले, "बाई, आमच्या आईनंबी पयल्या ट्रकाला लिंबूमिरची न बांधता आत दहीभात ठेवला होता. ट्रकभर मुंग्या! जाऊ द्या." आणि ठेवला फोन.

प्रितमला कोणी काढलं नाही. वखारीत मात्र आता एक पाटी लागली आहे: 'कंटेनरमध्ये कोणत्याही प्रकारचा शकुन ठेवण्यास सक्त मनाई.' सगळे तिला शुभदाताई क्लॉज म्हणतात.

आणि पाळणा? नारळ, अक्षता, दूर्वा त्यांनी जाळून टाकल्या. पाळण्याला गॅस देऊन बारा दिवस वेगळा ठेवणार. मग सोडणार. ललितापंचमी तोवर होऊन जाणार होती.

ही इथपर्यंतची गोष्ट मी हसत हसत सांगितली. पुढची तशी सांगता येत नाही.

या सगळ्या दिवसांत काका रोज सकाळी फोन करत होते. आणि मी, खोटं न बोलण्याचा नेम घेतलेली बाई, त्यांना रोज खरं सांगत होते.

"काका, कंटेनर उतरलाय." खरं.

"काका, पाळणा बंदरातच आहे. अगदी सुरक्षित." खरं.

"काका, चार-चार माणसं लक्ष देताहेत त्याच्याकडे!" हेही खरंच की!

"वा! आणि शुभदाताई, कड्यांना चिंच लावून घासायला सांगा हं तिकडे. खाऱ्या हवेने काळ्या पडतील."

"सांगते काका."

आमच्या बिल ऑफ लेडिंगवर एक शब्दप्रयोग असतो: 'सेड टू कंटेन'. म्हणजे आत अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही काही उघडून पाहिलेलं नाही. जहाजवाले त्यामागे निवांत उभे राहतात. स्थळं सुचवणाऱ्या बायकाही असंच बोलतात: मुलगा गुणी आहे म्हणे! एकोणीस वर्षं मी ते शब्द टाइप केले. पण माझं खरं बोलणंसुद्धा तसंच, बाहेरून सीलबंद आणि आत न पाहिलेलं, असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नेम एकदाही मोडला नाही. पण ज्या म्हाताऱ्या माणसाने एका रकान्यापलीकडे काही मागितलं नव्हतं, त्यालाच मी कळवलं नाही.

काल संध्याकाळी गीतांजलीचा निरोप आला. 'शुभदाताई, बाबांना वाटतंय पाळणा एव्हाना घरी आलाय. आज विचारत होते, कड्या नीट बसल्या का. मी म्हटलं, बसवतोय. पुढे बोलवेना. उद्या कॅमेरा लावला की त्यांना दिसेलच, आम्ही बाळाला साध्या टोपलीत ठेवणार आहोत. तुमच्यावर राग नाही. पण त्यांना आधी कोणीतरी सांगायला हवं.'

आज ललितापंचमी, रविवार. बारसं तिकडच्या दुपारी तीनला, म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाला. मी सात वाजता तुळशीला पाणी घातलं. माळ ओढायला बसले, पण मण्यामण्यावर पितळी पोपट येत होते. तशीच उठले.

हे पेपर वाचत होते. "फोन करून टाक ना काकांना," म्हणाले. "कोपरखैरण्याहून सानपाड्याला जायचं, ते कशाला?"

"शब्द दिलाय. 'स्वतः' म्हटलं होतं मी."

"आणि मग तिथे काय करणार?"

"आधी सांगणार. मग ते बसू देतील तर त्यांच्याबरोबर बसणार, बारसं होईपर्यंत. नाही तर जिन्यात बसेन."

"मोठ्याने सांग हो," हे पेपराआडून हळूच म्हणाले.

साडी नेसले, चपला घातल्या. दारातून मागे वळले, कारण कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. देवघराशी परडी होती. हात सवयीने आत गेला आणि नारळ घेऊन बाहेर आला. शेंडीचा, सोललेला.

क्षणभर तो धरून उभी राहिले. मग परडीत ठेवून दिला, दार हलकेच ओढून घेतलं, आणि रिकाम्या हातांनी जिना उतरायला लागले.